एक पिक्चर, चार अल्बम: आमच्या स्कोअर-यादीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. पिक्चरचं पार्श्वसंगीत गोळा करणाऱ्या आमच्या टोळीत कुणी नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न ठरलेला, 'ब्लेड रनर' या इंग्रजी पिक्चरच्या संगीताचा नेमका कुठला अल्बम ऐकू, आणि मग दोन तास नुसता कालवा. ठाणेकर म्हणणार १९९४चा, नाशिककर म्हणणार छे छे, २००७चा तीन सीडींचा, काका म्हणणार आधी पिक्चर धड बघ मग बोल, आणि या सगळ्यात त्या पोराला उत्तर काही मिळत नाही, तो गुपचूप मोबाइलवर जे पहिलं दिसेल ते लावतो. म्हणून आता यादी करायची. एकच शीट, एका ओळीत एक पिक्चर. पहिला अल्बम कधी आला, किती मिनिटांचा, त्यात पिक्चरमधलंच रेकॉर्डिंग आहे का अल्बमसाठी परत वाजवलंय, नंतर कुणी काय काय काढलं, आणि शेवटचा कॉलम 'आधी काय ऐकावं'.

गाणी घ्यायची नाहीत, फक्त पार्श्वसंगीत, म्हणजे स्कोअर. हे ताईंनी आधीच बजावलं, नाहीतर अर्धा वेळ आर. डी. वर जाईल आणि ते कुणालाच नको असेल असंही नाही.

शेवटच्या कॉलमवरनं आजच पहिली ठिणगी पडली. नाशिककरचं म्हणणं त्यात वाद कसला, जो सगळ्यात पूर्ण तो सगळ्यात चांगला. मला हे अजिबात पटत नाही, पण आज बोललो नाही, यादी करता करता कळेलच.

११ जानेवारी

सीडी रिप करायचं, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडे आलंय. काकांचं कपाट म्हणजे खजिना, अर्ध्या सीडी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातल्या (२०१६ला ते बंद झालं तेव्हा काका आठवडाभर गप्प होते म्हणे), उरलेल्या न्यू जर्सीच्या दादानं दर सुट्टीत बॅगेतनं आणलेल्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरनं फ्लॅक फाइली करतोय, त्यात आवाजाचा दर्जा घटत नाही. काम सोपंय पण टॅगिंग, म्हणजे फाइलींना नावं लावणं, जीव खातं. एकाच क्यूला (एका प्रसंगासाठी केलेल्या तुकड्याला) एका अल्बमवर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, तिसऱ्यावर दोन क्यू जोडून तिसरंच काहीतरी. म्हणून रेकॉर्डिंग सेशनचा रील नंबर (तुकडा पिक्चरच्या कुठल्या रिळातला ते) कुठे छापलेला असेल तर तोच लिहायचा, म्हणजे कुठला तुकडा कुठला हे नंतर जुळवता येईल.

अजून एक गोष्ट आधीच करून ठेवली. ऐंशीच्या दशकातल्या सीडी हळू वाजतात आणि नवीन मास्टरिंगच्या मोठ्यानं, आणि जे मोठ्यानं वाजतं ते कानाला लगेच भारी वाटतं, त्यामुळे शेजारी शेजारी ऐकवलं तर नवीनच जिंकणार. रिप्लेगेन लावून सगळे एका पातळीला आणलेत. ठाणेकर म्हणाला एवढं कशाला. कशाला म्हणजे काय, तुलना करायची तर निदान व्हॉल्यूम तरी सारखा नको का?

१९ जानेवारी, रविवार

पहिली बैठक काकांकडे. अर्थात 'ब्लेड रनर'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी शीटमध्ये टीप लिहिली ती इथेही लिहितो कारण किस्सा भन्नाट आहे. पिक्चर आला १९८२ला. शेवटच्या श्रेयनामावलीत चक्क लिहिलेलं की साउंडट्रॅक अल्बम पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीकडे उपलब्ध. लोक दुकानात गेले, अल्बम नाही. संगीतकार व्हँगेलिसनं तो सोडलाच नाही. त्याऐवजी आला न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राचा अल्बम, म्हणजे तेच संगीत पण दुसऱ्यांनी वाजवलेलं, आणि ज्यांनी यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरचा तो ओला, थरथरता आवाज थेटरात ऐकलाय त्यांना ही सतार-सरोदऐवजी हार्मोनियम दिल्यासारखी फसवणूक वाटली. १९८९ला व्हँगेलिसच्या 'थीम्स' नावाच्या संकलनात तीन तुकडे आले, बास. मग १९९३ला ऑफ वर्ल्ड म्युझिक असं नाव लावून कुणीतरी बुटलेग, म्हणजे चोरटी सीडी काढली, दोन हजार प्रतींची. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९४ला, अधिकृत अल्बम. बारा वर्षांनी!

आता गंमत अशी की हा अधिकृत अल्बम पिक्चरचा स्कोअर नाहीच मुळी धड. त्यात मधेमधे संवाद मिसळलेत, मेरी हॉपकिननं गायलेलं 'रेचल्स साँग' आहे जे पिक्चरमध्ये कुठेच नाही, एक क्यू दुसऱ्यात विरघळत जातो. व्हँगेलिसनं तो नव्यानं मांडलेला एक वेगळाच अल्बम केलाय. २००७ला पंचविशीनिमित्त तीन सीडी आल्या, त्यात पहिली हीच १९९४ची, दुसरीवर तोवर न आलेले तुकडे, आणि तिसरीवर नव्यानं केलेलं संगीत. म्हणजे तीन सीडी घेऊनही पिक्चरमधलं सगळं मिळत नाहीच, म्हणून बुटलेगवाल्यांचा धंदा चालूच राहिला.

ऐकताना काय झालं ते सांगतो. दिवे घालवून आधी बुटलेगचा क्रम लावला. छान वाटलं, पण विसाव्या मिनिटाला ठाणेकर मोबाइल बघायला लागला. मग १९९४चा लावला आणि कुणी हललं नाही. 'लव्ह थीम'मध्ये डिक मॉरिसीचा सॅक्सोफोन येतो ना, तो स्वर पकडून किंचित खाली घसरवतो आणि मागे सिंथचा पडदा नुसता तरंगत असतो, तिथे ताई म्हणाल्या परत लाव. परत लावला. नाशिककर सुद्धा गप्प होता, पण जाताना जिन्यात म्हणाला, 'तरी पण पूर्ण हवाच.'

कॉलममध्ये लिहिलं: आधी १९९४. भूक राहिली तर २००७ची दुसरी सीडी.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून टीपा लिहायला बसलो. नवीन लोकांना नेहमी वाटतं की कंपन्या मुद्दाम अर्धवट अल्बम काढून लुटायच्या. तसं नाहीये सगळं. अमेरिकेत वादकांची युनियन आहे, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, तिचा नियम असा की पिक्चरसाठी वाजवलेलं अल्बमवर आलं की सगळ्या वादकांना परत पैसे द्यायचे. रीयूज फी म्हणतात तिला. लॉस एंजेलिसमध्ये नव्वद जणांचा ऑर्केस्ट्रा वाजवला असेल तर हिशोब करा, आणि विकल्या जाणार काही हजार प्रती. म्हणून वारेझ साराबांदसारखी छोटी कंपनी अर्ध्या तासाच्या आसपासची सीडी काढायची आणि आपण बोटं मोडायचो. लंडनमध्ये रेकॉर्ड झालेल्या स्कोअरना हा भुर्दंड नव्हता, त्यामुळे त्यांचे अल्बम अनेकदा ऐसपैस. पुढे जुन्या स्कोअरच्या मर्यादित प्रती काढायला युनियननं सवलत दिली आणि मग वारेझचा सीडी क्लब, इंट्राडा, ला-ला लँड, फिल्म स्कोअर मंथली या छोट्या लेबलांनी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी, धडाका लावला. फिल्म स्कोअर मंथली तर मुळात एका स्कोअरवेड्या पोरानं, लुकस केंडलनं, चालू केलेलं पत्रक, त्याचं लेबल झालं आणि अडीचशे अल्बम काढून थांबलं.

उदाहरण म्हणून 'डाय हार्ड'ची ओळ भरली. १९८८चा एवढा गाजलेला पिक्चर, मायकेल केमनचं संगीत, आणि अल्बमच नाही! २००२ला वारेझनं क्लबसाठी काढला, तोही मोजक्या प्रतींचा, तो संपला आणि जुन्या बाजारात भाव आभाळाला भिडले, मग २०११ला ला-ला लँडनं दोन सीडींचा काढला. आणि त्यातही शेवटाकडे जो भरून येणारा तुकडा आहे पिक्चरमध्ये तो केमनचा नाहीच, जेम्स हॉर्नरनं 'एलियन्स'साठी केलेला आणि तिथे न वापरलेला उचलून लावलाय. हे ठाणेकरला सांगितलं तर म्हणतो, 'म्हणजे मी वीस वर्षं हॉर्नरसाठी रडलो होय.'

२ फेब्रुवारी, रविवार

आजची बैठक म्हणजे माझं हक्काचं मैदान. 'एलियन', १९७९, संगीत जेरी गोल्डस्मिथ.

क्रम मीच लावला होता. आधी पिक्चरमधलं सुरुवातीचं संगीत ऐकवलं. अंतराळ, काळोख, आणि दोनच स्वरांचा एक ठिपका, तो वाजतो आणि एकोप्लेक्स नावाच्या टेप-एकोच्या यंत्रातनं पुन्हा पुन्हा, अंधुक होत जातो. मधेच खालून काहीतरी घुमतं आणि ते नेमकं कुठलं वाद्य हे कळत नाही. या स्कोअरमध्ये त्यानं सर्पंट हे जुनं फुंकवाद्य वापरलंय, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं दिजरीडू वापरलंय आणि चक्क शंख वापरलाय. आपल्याकडे शंख वाजला की आरती डोळ्यापुढे येते, इथे तो त्या एकोत घातल्यावर अंगावर काटा येतो. ताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, 'हा शंख आहे? मला वाटलं कुणीतरी श्वास घेतंय.'

मग एलपीवरचं 'मेन टायटल' लावलं. तेच नाव, पूर्ण वेगळं संगीत! एकटा ट्रम्पेट, लांबलचक रोमँटिक सूर, अंतराळ म्हणजे भीती नाही तर विस्मय. गोल्डस्मिथनं आधी हे लिहिलेलं, दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या मंडळींना नको होतं, मग त्यानं ते दुसरं भीतीदायक लिहून दिलं आणि पुढे मुलाखतींमध्ये सांगत राहिला की त्याला काही मिनिटं लागली कारण त्यांना जे उघडउघड हवं होतं ते देऊन टाकलं. एवढ्यावर भागलं नाही. पिक्चरमध्ये एकदोन ठिकाणी गोल्डस्मिथच्याच १९६२च्या 'फ्रॉइड' या पिक्चरचं संगीत चिकटवलं, कारण एडिटिंग करताना तात्पुरतं म्हणून लावलेलं ते त्यांना आवडून गेलं, आणि शेवटी त्याचा समारोप काढून हॉवर्ड हॅन्सन या दुसऱ्याच संगीतकाराची दुसरी सिंफनी लावली. बिचाऱ्याचा जीव किती जळला असेल.

पण एलपीवर त्यानं स्वतःचं लावलं. जणू म्हणतोय, पिक्चर दिग्दर्शकाचा, अल्बम माझा. त्या पस्तीसएक मिनिटांत हॅन्सन नाही, फ्रॉइड नाही, सगळा गोल्डस्मिथ. २००७ला इंट्राडानं दोन सीडींमध्ये सगळं काढलं, मूळ लिहिलेलं, बदलून लिहिलेलं आणि एलपीचा क्रम जसाच्या तसा. कसं काढावं याचा हा माझ्या मते नमुनाच आहे, कारण एकानं दुसऱ्याला खाल्लं नाही.

काकांनी मात्र दुसरी बाजू लावून धरली. म्हणाले, 'अरे तुझा गोल्डस्मिथ ग्रेटच, पण शेवटी ती बाई एकटी मांजराला घेऊन झोपते तिथे हॅन्सन जे करतो ते बघ ना. दिग्दर्शकाचे कान बरोबर होते.' मी पंधरा मिनिटं भांडलो. पिक्चरपुरतं काकांचं म्हणणं बरोबर आहे, इथे लिहितोय, त्यांना सांगणार नाही.

नाशिककरनं आज एक कबूल केलं की 'पहिला अल्बम किती मिनिटांचा' हा कॉलम एकटा काही कामाचा नाही. नवीन कॉलम घातला: 'अल्बमवर आहे पण पिक्चरमध्ये नाही'.

८ फेब्रुवारी

कुरिअर आलं. एका जुन्या सीडी विकणाऱ्याकडनं एक आऊट ऑफ प्रिंट स्कोअर मागवला होता, फोटो झकास, किंमत विचारू नका, वर कस्टमचे वेगळे. उघडून बघतो तर छापील कव्हर ओरिजिनल आणि आत घरी जाळलेली सीडी-आर, खाली हिरवट-जांभळी चमकतेय, वर लेबलचा प्रिंट चिकटवलेला. पैसे परत मागितलेत, बघू. शीटमध्ये खाली सूचना टाकली: विकत घेण्याआधी सीडीच्या खालच्या बाजूचा आणि आतल्या कड्यावरच्या मॅट्रिक्स नंबरचा फोटो मागायचा. देत नसेल तर पुढे जायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज संगीतकार जॉन विल्यम्सची दोन.

'जॉज'चा १९७५चा अल्बम हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं की ते पिक्चरमधलं रेकॉर्डिंग नाहीये. विल्यम्सनं अल्बमसाठी वेगळं वाजवून घेतलं, तुकडे लांबवले, बांधणी ऐकायला बसणाऱ्या माणसाच्या हिशोबानं केली. पिक्चरमधलं खरं रेकॉर्डिंग बाहेर यायला २००० साल उजाडलं, आणि २०१५ला इंट्राडानं दोन्ही एकत्र दिली. शार्कच्या त्या दोन स्वरांबद्दल जगभर बोललं जातं, पण त्यावर जी धून येते ती टॉमी जॉन्सननं ट्युबावर (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) वाजवलीय, ट्युबाच्या मानानं एवढ्या वरच्या पट्टीत की पहिल्यांदा ऐकताना हॉर्नच वाटतो. हे काकांच्या मोठ्या स्पीकरवर फार छान कळलं.

'ई. टी.'चं वेगळंच. १९८२चा अल्बम चाळीसएक मिनिटांचा, त्यातही कॉन्सर्टसारखी बांधणी. पण शेवटची पंधराएक मिनिटं, सायकलींचा पाठलाग ते निरोप, तिथे विल्यम्सला पडद्याशी ताळमेळ ठेवून मनासारखं वाजवता येईना, तेव्हा स्पीलबर्गनं सांगितलं की पिक्चर बंद करतो, तू मैफिलीत वाजवतोस तसं वाजव, आणि नंतर त्यानं तो शेवट संगीताप्रमाणे कापला. त्यामुळे हा तुकडा कुठल्याही आवृत्तीत ऐका, तो सलग श्वासाचा वाटतो. आम्ही तो लावला आणि नंतर बराच वेळ चहाच होत राहिला.

ताईंनी यात एक धागा काढला. 'ई. टी.' वाजवला गेला एमजीएमच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे पार्श्वसंगीत रेकॉर्ड करायच्या हॉलमध्ये, कल्व्हर सिटीत. तोच पुढे सोनीचा झाला, आणि तिथेच अजय-अतुलनी २०१६च्या 'सैराट'चा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. एकच हॉल! मग काय, 'ई. टी.' संपल्या संपल्या सैराटच्या गाण्यांची व्हायोलिन लावली, गाणी घ्यायची नाहीत हा नियम ताईंनी स्वतःच मोडला. त्या स्वतः व्हायोलिन शिकवतात त्यामुळे त्यांना सूट.

२३ फेब्रुवारी, रविवार

'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'. यावर बोलायला नाशिककर खास गाडी काढून आला, त्याचा जीव आहे यावर, आणि खरं सांगायचं तर आजचा दिवस त्यानं जिंकला.

गोष्ट अशी. १९७९ला पिक्चर डिसेंबरमध्ये लागायचा, गोल्डस्मिथ अगदी शेवटपर्यंत लिहीत होता. अंतराळजहाजाभोवती छोट्या यानातनं जो लांबलचक फेरफटका आहे त्यासाठी त्यानं आधी एक क्यू लिहून रेकॉर्ड केला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजनं ऐकला आणि सांगितलं, छान आहे पण यात थीम नाही. झालं, गोल्डस्मिथ घरी गेला, परत लिहिलं, आणि त्यातनं जी थीम निघाली ती पुढे १९८७पासून 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेची सुरुवात झाली. आज जगात ज्याला कुणाला स्टार ट्रेकची धून म्हणून काही गुणगुणता येतं त्यातल्या बऱ्याच जणांना हीच येते.

नाकारलेला क्यू बरीच वर्षं अधिकृतपणे ऐकायलाच मिळत नव्हता. २०१२ला ला-ला लँडनं तीन सीडी काढल्या त्यात तो आहे. नाशिककरनं दोन्ही लागोपाठ लावले. पहिल्यात तंतुवाद्यांच्या लाटा, शिडांचं जहाज बंदरातनं निघाल्यासारखं, खूप सुंदर, पण संपल्यावर ओठांवर काही राहत नाही. दुसऱ्यात तेच सूर, तेच स्वरसंगतीचे वळसे, पण वर ती थीम, आणि पडद्यावर जहाज दिसायला लागतं तेव्हा आपल्याला कळतं की हे आपलं जहाज आहे. वाइज स्वतः कधीकाळी एडिटर होता, त्याला बरोबर कळलं काय कमी आहे.

तर नाशिककरचा मुद्दा: एलपी चाळीस मिनिटांची, तीवर हा पहिला क्यू कसा असणार? पूर्ण आवृत्ती नसती तर हा धडा आपल्याला मिळाला नसता. मुद्दा चोख आहे. मी एवढंच म्हटलं की धडा वेगळा आणि रोज ऐकायचा अल्बम वेगळा. तीन सीडींचा सेट म्हणजे मला लग्नाचा अख्खा व्हिडिओ वाटतो, घरात हवाच, पण पाहुण्यांना दाखवायला काढू नये. यावर मला कोपरापासून नमस्कार करण्यात आला.

ब्लास्टर बीमचा उल्लेख राहिला. क्रेग हक्सलीचं ते लांबच्या लांब धातूचं वाद्य, तारा लावलेलं, आघात केला की जमीन सरकल्यासारखा आवाज. काकांच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी फोन केला की वर काय पडलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा केला नाही.

२ मार्च

घाईत भरलेल्या ओळी. 'टायटॅनिक': १९९७चा हॉर्नरचा अल्बम, यावर काही बोलायची गरज नाही, ज्या घरात इंग्रजी एक कॅसेट नव्हती तिथेही ही होती. १९९८ला 'बॅक टू टायटॅनिक', २०१७ला ला-ला लँडचा चार सीडींचा. आधी काय ऐकावं तर पहिलाच, त्यातला गायिका सिसेलचा नुसता आकार लावलेला आवाज शेवटच्या गाण्यापेक्षा दहापट भारी. ठाणेकरचा निषेध नोंदवला आहे.

'व्हर्टिगो': १९५८, संगीत बर्नार्ड हर्मन. अमेरिकेत वादकांचा संप, म्हणून रेकॉर्डिंग लंडनला नेलं, म्युर मॅथिसननं कंडक्ट केलं, तर लंडनचे वादकही संपाला पाठिंबा म्हणून थांबले, मग उरलेलं व्हिएन्नाला. लंडनचं स्टिरिओ, व्हिएन्नाचं मोनो. १९९६ला वारेझनं मूळ रेकॉर्डिंग काढलं त्यात हेडफोन लावला तर संप कुठे झाला ते कानाला कळतं!

'२००१: अ स्पेस ओडिसी': अॅलेक्स नॉर्थनं लिहिलेला स्कोअर दिग्दर्शक क्युब्रिकनं फेकला आणि तात्पुरता लावलेला स्ट्राउसच ठेवला, नॉर्थला हे पिक्चर बघतानाच कळलं. त्याच्या मित्रानं, गोल्डस्मिथनंच, १९९३ला तो लंडनच्या वादकांकडून रेकॉर्ड करून घेतला, तेव्हा नॉर्थ हयात नव्हता. नॉर्थचं स्वतःचं रेकॉर्डिंग इंट्राडानं २००७ला काढलं, मोनो. 'अल्बमवर आहे पण पिक्चरमध्ये नाही' या कॉलममध्ये इथे लिहिलं: सगळंच.

१६ मार्च, रविवार

आज आपलं, म्हणजे हिंदी-मराठी पिक्चरचं पान उघडलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली. कॉलम तेच, ओळी कोऱ्या.

'शोले'च घ्या. पॉलिडोरनं गाण्यांची एलपी काढली, संवादांची एलपी काढली आणि ती गल्लोगल्ली वाजली, आमच्या पिढीला गब्बर आधी लाउडस्पीकरवर भेटला. पण गब्बर येतो तेव्हाचं ते किरकिरतं, अंगावर येणारं पार्श्वसंगीत? ते संवादांच्या मागे जेवढं ऐकू येईल तेवढंच. वनराज भाटियांचं बघा, लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत शिकलेला, पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजेकडे शिकलेला मुंबईचा माणूस, 'भूमिका', 'जुनून', 'तमस', राष्ट्रीय पुरस्कार, आणि शेल्फवर ठेवायला स्कोअर अल्बम किती? भास्कर चंदावरकर तर आपल्या पुण्यातले, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, 'सामना'चं संगीत म्हटलं की सगळ्यांना 'कुणाच्या खांद्यावर' आठवतं, आणि त्या पिक्चरमध्ये गाण्याच्या आधी-नंतर जे चालू असतं ते कुणी वेगळं काढून ऐकलंय?

कारण साधं आहे. आपल्याकडे रेकॉर्ड कंपनी गाणी विकत घ्यायची. पार्श्वसंगीत निर्मात्याच्या डोक्यावर, पिक्चर डब्यात गेला की तेही डब्यात. त्याला गिऱ्हाईक आहे हेच कुणाला वाटलं नाही. रेहमानपासून थोडं बदललं, १९९५च्या 'बॉम्बे'च्या अल्बमवर गाण्यांच्या रांगेत 'बॉम्बे थीम' हा शब्दाशिवायचा तुकडा होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. बाकी बीजीएमवाली (पार्श्वसंगीत गोळा करणारी) पोरं काय करतात तर डीव्हीडीचा फाइव्ह पॉइंट वन ट्रॅक फोडतात, मधला चॅनल, ज्यात संवाद असतात, तो बंद करतात, आणि बाजूच्या चार चॅनलमध्ये जे संगीत उरतं ते गोळा करतात. पावसाचा आवाज, दार आपटल्याचा आवाज सगळं येतं सोबत, पण येतं. मला त्या पोरांचं कौतुकच वाटतं, अमेरिकेत याच कामासाठी लेबलं आहेत.

ठाणेकर म्हणाला मग आपल्या शीटला एक वेगळं पान करू, 'अल्बम नाही, पण हवा'. नाशिककर लगेच तयार. त्याला पूर्ण हवं असतं आणि इथे तर काहीच नाही. मी म्हटलं बाबा, इथे मी तुझ्या बाजूनं आहे, दोन मिनिटं मिळाली तरी चालतील.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड खाऊन शीट सगळ्यांना पाठवली. अजून पूर्ण नाही, पण दाखवण्यासारखी आहे. दुपारपर्यंत ज्या काही तक्रारी आल्या त्या अशा: ठाणेकरला टायटॅनिकची टीप बदलून हवीये (होणार नाही). काकांना 'एलियन'समोर हॅन्सनचं नाव ठळक हवंय (विचार चालू आहे). न्यू जर्सीच्या दादानं 'सुपरमॅन', 'कोनन' आणि 'रेडर्स' कुठे आहेत म्हणून रात्री अडीचला मेसेज केला, त्याला सांगितलं की सीडी आण मग ओळी भरतो. ज्या पोराच्या प्रश्नापासून हे सुरू झालं त्यानं 'ब्लेड रनर' १९९४ ऐकला आणि विचारलं की मधे मधे बोलणारा माणूस काढून टाकता येतो का. नाशिककरनं त्याला ताबडतोब आपल्या गटात घेतलं.

'अल्बम नाही, पण हवा' या पानावर सगळ्यांनी मिळून पहिली नावं टाकली. 'सामना' सगळ्यात वर, ताईंचा हट्ट. ताईंच्या ओळखीत एक निवृत्त साउंड रेकॉर्डिस्ट आहेत, जुन्या मराठी पिक्चरचे म्युझिक आणि इफेक्टचे वेगळे ट्रॅक कुठे राहिलेत का हे त्यांना विचारायचंय. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलंय, दुपारी चारनंतर, आधी त्यांची झोप असते. प्रश्नांची यादी नाशिककर करतोय, ती कमी करायचं काम माझ्याकडे.